साक्ष, साक्षी आणि प्रवक्ता

मराठी ख्रिस्ती समाजाच्या बोलण्यात आणि लेखनात 'साक्ष' हा शब्द ज्या सहजतेने येतो, ती सहजता त्या समाजाबाहेरच्या वाचकाला काहीशी परकी वाटते. उपासनेच्या वेळी एखादी व्यक्ती उठून स्वतःच्या आयुष्यात काय घडले ते सांगते, तेव्हा ती 'साक्ष देते'. मराठीच्या सर्वसाधारण व्यवहारात साक्ष दिली जाते ती कोर्टात, आणि तशी वेळ येऊ नये अशीच बहुतेकांची इच्छा असते. तिसरा अर्थ वेदान्ताचा. तेथे 'साक्षी' म्हणजे जे घडते ते केवळ पाहणारा, कर्ता नव्हे आणि भोक्ताही नव्हे, असा आत्मा. पाणिनीने या शब्दाची संगती 'साक्षात् पाहणारा' अशी लावली आहे. परंतु पाहणाऱ्याने पाहिल्यानंतर काय करायचे, हा प्रश्न व्युत्पत्तीने सुटत नाही. न्यायालयातल्या साक्षीदाराने बोलायचे असते. वेदान्तातल्या साक्षीने अलिप्त राहायचे असते. बायबलमधल्या साक्षीदाराने बोलून त्याची किंमतही मोजायची असते. ग्रीक भाषेत ज्या शब्दाचा मूळ अर्थ कोर्टातला साक्षीदार एवढाच होता, त्याच शब्दाला आरंभीच्या ख्रिस्ती समाजाने सोसलेल्या छळातून 'हुतात्मा' हा अर्थ चिकटला.

श्रद्धा, समाज आणि चालू घटना यांविषयी एखादा ख्रिस्ती लेखक स्वतःचे चिंतन मांडतो, तेव्हा तो यांपैकी कोणत्या अर्थाने साक्षी असतो? प्रश्न शब्दकोशाचा वाटला तरी त्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न आहे. व्यक्तिगत श्रद्धेतून आलेल्या विधानाला, ती श्रद्धा नसलेल्या समाजात, कोणता अधिकार असतो? काहीच नाही, धर्म ही खाजगी बाब आहे, असे एक उत्तर तयार असते. ईश्वरी वचनाचा अधिकार असतो, असे दुसरे. दोन्ही उत्तरे देणाऱ्याला फारसा त्रास देत नाहीत, म्हणून दोन्ही संशयास्पद आहेत. शिवाय आपल्याकडे एक चौथी भूमिका या तिन्हींवर कुरघोडी करते, ती प्रवक्त्याची. अल्पसंख्य समाजातला लेखक 'मी' म्हणतो आणि वाचक 'आम्ही' ऐकतो. बहुसंख्य समाजातल्या लेखकाने गायीविषयी, जातीविषयी किंवा निवडणुकीविषयी मत मांडले तर ते त्याचे मत ठरते. तेच फादर, पास्टर किंवा एखादा ख्रिस्ती प्राध्यापक बोलला तर 'चर्चची भूमिका' ठरते. साक्षीदाराला प्रवक्ता बनवले की त्याने काय पाहिले हे विचारण्याची गरज उरत नाही. तो कोणाच्या बाजूचा आहे एवढेच पुरते.

मराठी समीक्षेला या प्रश्नाकडे वळण्याचा एक मार्ग मर्ढेकरांनी केव्हाच दाखवून ठेवला होता. 'वाङ्मयीन महात्मता'मध्ये त्यांनी लेखनगर्भ आत्मनिष्ठेची कसोटी मांडली आणि लेखकाच्या बाह्य निष्ठांपेक्षा लेखनाच्या आतल्या प्रामाणिकपणाकडे लक्ष वेधले. या कसोटीने बरेच साधते. धर्मप्रसारासाठी लिहिलेल्या एकोणिसाव्या शतकातल्या शेकडो पुस्तिका आणि बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' यांतला फरक तिच्यामुळे सांगता येतो. पण साक्षीचे मूल्यमापन करायला ती पुरत नाही. प्रामाणिक माणूस चुकीची साक्ष देऊ शकतो, आणि साक्षीचा संबंध केवळ देणाऱ्याच्या अंतःकरणाशी नसून ज्याच्याविषयी ती दिली जाते त्याच्या नशिबाशीही असतो. जुन्या करारातील 'अनुवाद' या पुस्तकात एक कठोर तरतूद आहे. मृत्युदंडासाठी एकाची साक्ष चालणार नाही, दोघांची किंवा तिघांची हवी. आणि शिक्षेच्या वेळी पहिला धोंडा साक्षीदारानेच मारला पाहिजे. आजच्या वाचकाला ही तरतूद रानटी वाटेल, आणि ती आहेच. परंतु बोलणाऱ्याने आपल्या शब्दाच्या परिणामापासून हात झटकू नयेत, ही तिच्यातली जाणीव आत्मनिष्ठेच्या कसोटीत बसत नाही. पुढे नव्या करारात येशू निष्पाप माणसाने पहिला धोंडा मारावा असे सुचवतो, तेव्हा तो याच तरतुदीला हात घालत असतो. त्याच्या त्या एका वाक्याने साक्षीदारच साक्षीच्या कक्षेत येतो.

पंडिता रमाबाईंचे चरित्र या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. १८७८ मध्ये कलकत्त्यात 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळवणारी, १८८२ मध्ये वैधव्य आलेली, त्याच वर्षी पुण्यात आर्य महिला समाज स्थापून हंटर आयोगापुढे जबानी देणारी ही स्त्री २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज येथे बाप्तिस्मा घेते. महाराष्ट्रात या घटनेचे वाचन तत्काळ प्रातिनिधिक पातळीवर झाले: हिंदू धर्माचा पराभव, किंवा मिशनचा विजय. 'सत्सार'मधून १८८५ मध्ये रमाबाईंची बाजू घेणारे जोतीराव फुले हा या वाचनाला अपवाद होता. धर्मांतर करणाऱ्या स्त्रीला तसे करण्याची कारणे असू शकतात, ही शक्यताच इतरांच्या हिशेबात नव्हती.

रमाबाईंची खरी साक्ष मात्र या गदारोळात नव्हे, तर सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या डोरोथिया बील यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात सापडते. जेराल्डीन यांनीच जपून ठेवलेली ही पत्रे १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाने प्रसिद्ध झाली. ज्या मराठी वाचकाने रमाबाईंना फक्त 'मुक्ती'च्या संस्थापक म्हणून ओळखले आहे, त्याला ही पत्रे चकित करतात. बाप्तिस्म्याला दोन वर्षे होण्याच्या आतच ही नवख्रिस्ती विधवा त्रैक्याच्या सिद्धांतावर आपल्या गुरुस्थानी असलेल्या स्त्रियांशी वाद घालते. मांसाहार करीत नाही, आणि ते जातीच्या अभिमानाचे लक्षण आहे असे सुचवले गेल्यावरही नमत नाही. क्रूसावरील अक्षरे लॅटिन का असावीत, संस्कृत का नसावीत, असा प्रश्न विचारते. तिने पुरुष विद्यार्थ्यांना संस्कृत शिकवावे की नाही याविषयी हिंदुस्थानातल्या बिशपांचे मत मागवले गेले आणि ते प्रतिकूल आले, तेव्हा तिला झालेला संताप पत्रात लपलेला नाही. जन्माने मिळालेल्या पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून काढल्यावर, ईश्वराची आज्ञा या नावाखाली आलेले तसलेच दुसरे जोखड घेण्याची आपली तयारी नाही, असा तिच्या उत्तराचा आशय आहे.

या उत्तराचे सुटे वाक्य आज स्त्रीवादी संकलनांतून फार उद्धृत होते. त्यात तिची बंडखोरी दिसते हे खरे. पण बंडखोरी एवढेच त्याचे वर्णन अपुरे आहे. ज्या संस्थेच्या छपराखाली ती आणि तिची लहान मुलगी मनोरमा राहत होत्या, त्याच संस्थेला उद्देशून हे लिहिले गेले. परदेशात, आजारपणात, पैशाचे दुसरे पाठबळ नसताना. साक्षीची किंमत म्हणतात ती ही. पुण्यातल्या सनातन्यांविरुद्ध लिहून तिला इंग्लंडमध्ये टाळ्या मिळाल्या असत्या. बिशपविरुद्ध लिहून काहीच मिळण्यासारखे नव्हते. आपल्याच घराविरुद्ध बोलण्याची तयारी हे साक्षीचे पहिले लक्षण मानावे काय? मानायला हरकत नाही, मात्र पुरेसे लक्षण मानू नये. आपल्याच घराविरुद्ध बोलणाऱ्याला शेजारच्या घरात नेहमीच पाट मांडलेला असतो.

रमाबाईंच्या चरित्रातला अवघड भाग पुढेच आहे. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले आणि पुढच्या वर्षी पुण्यात आलेले शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे वचन होते. रमाबाई स्वतः मात्र आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही मुली येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला आणि 'केसरी'ने प्रखर टीका केली. रमाबाईंच्या बाजूने नेहमी सांगितले जाते ते असे, की त्यांनी कोणावर सक्ती केली नाही, केवळ स्वतःची श्रद्धा लपवली नाही. यात तथ्य आहे. स्वतःच्या प्रार्थनेसाठी दार बंद करण्याची अट कोणत्याही हिंदू गृहिणीवर कोणी घातली नसती. तरीही प्रश्न उरतो. साक्ष ऐकणाऱ्याला उठून जाता आले पाहिजे. ज्या बालविधवेला सदनाबाहेर केवळ केशवपन आणि माजघरातला कोपरा वाट पाहत आहे, तिला आश्रयदातीच्या प्रार्थनेतून उठून जाण्याचे स्वातंत्र्य कागदावर असते तेवढे प्रत्यक्षात असते काय? रानड्यांचा राजीनामा भित्रेपणाचा म्हणून निकालात काढणाऱ्यांनी हा प्रश्न विचारलेला दिसत नाही. आणि 'केसरी'च्या टीकेचा गौरव करणाऱ्यांनी तर दुसरा, त्याहून सरळ प्रश्नही विचारलेला नाही: त्या मुलींना दुसरे दार कोणी उघडून दिले होते? दोन्ही प्रश्न एकमेकांना रद्द करीत नाहीत.

चारच वर्षांनी चित्र पालटते. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाखाली स्त्रियांची जी विटंबना चालली होती, तिच्याविषयी रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहिले. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी आरोप नाकारले. प्लेगच्या अधिकाऱ्यांवर त्याच काळात 'केसरी'ही तुटून पडत होता. म्हणजे ज्यांनी चार वर्षांपूर्वी रमाबाईंना परकीयांच्या हस्तक ठरवले होते, त्यांचे गाऱ्हाणे आणि रमाबाईंचे गाऱ्हाणे एकाच सरकारविरुद्ध होते. आणि रमाबाईंचे वृत्तपत्र तर ख्रिस्ती होते, वाचक बव्हंशी इंग्रजी जाणणारे. प्रवक्तेपणाच्या चौकटीत या पत्राला जागाच नाही. ख्रिस्ती समाजाची प्रवक्ती ख्रिस्ती राज्यकर्त्यांविरुद्ध लिहिणार नाही. राष्ट्रीय पक्षाची प्रवक्ती म्हणवण्याइतके तिला कोणी आपले मानले नव्हते. पाहिले ते तिने लिहिले, इतकेच. मराठी इतिहासलेखनात या पत्राचा उल्लेख तळटीपेपुरता होतो, हेही यावरून समजण्यासारखे आहे.

नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या बाबतीत प्रश्न निराळ्या स्वरात येतो. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, हे टिळकांचे म्हणणे सर्वपरिचित आहे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा असावी अशी कल्पना होती. दोनच वर्षांत त्यांचे निधन झाल्याने तो प्रयोग प्रयोगच राहिला. टिळकांच्या या सेतूची वाखाणणी करताना समीक्षक सहसा एक गोष्ट विसरतात. पतीने ओलांडलेल्या पुलावरून पत्नी आपोआप पलीकडे गेली नाही. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा पाच वर्षांनी, १९०० मध्ये झाला, आणि मधल्या काळातला ताटातुटीचा, सोवळ्याचा, वेगळ्या स्वयंपाकाचा आणि मनातल्या ओढाताणीचा वृत्तांत 'स्मृतिचित्रे'त ज्या मोकळ्या, स्वतःवरच हसणाऱ्या निवेदनातून येतो, त्याला मराठीत तोड नाही. धर्मांतराच्या कथनात ज्या गांभीर्याची अपेक्षा असते, ते लक्ष्मीबाई पुरवीत नाहीत. त्यांची जात गळून पडते ती सिद्धांताच्या वाचनाने नव्हे. पाणी, भांडी, हात आणि भूक यांच्या व्यवहारात ती झिजत जाते. आपल्या साक्षीचे आपणच भाष्यकार होण्याचा मोह त्यांनी टाळला, म्हणून श्रद्धा नसलेला वाचकही त्यांच्याबरोबर चालू शकतो. पतीच्या थोरवीचे पोवाडे त्यांच्याकडून अपेक्षिणाऱ्यांना त्यांनी पतीचा तापट, उधळा, भाबडा स्वभावही दाखवला. प्रवक्त्याला हे परवडले नसते.

येथे एक वाङ्मयीन तुलना अटळ आहे. 'बलुतं' १९७८ मध्ये आले तेव्हा दया पवारांच्या 'मी'चे काय करायचे, हा प्रश्न मराठी समीक्षेपुढे आला, आणि दलित आत्मकथनांतला 'मी' हा 'आम्ही' आहे, या सूत्रापाशी ती बव्हंशी स्थिरावली. त्या सूत्रात एका शोषित समाजाने स्वेच्छेने घेतलेली एकजूट होती. पण त्याच सूत्राने पवारांच्या पुस्तकातला लाज, अपराध आणि एकटेपणा वाहणारा माणूस समाजशास्त्रीय पुराव्यात विरघळूनही गेला. ख्रिस्ती लेखनाच्या वाट्याला ही एकजूट आली नाही, विरघळणे मात्र आले. आणि जेथे दोन्ही ओळखी एकत्र येतात, त्या दलित ख्रिस्ती माणसाची तर दुहेरी कोंडी झाली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. युक्तिवाद असा, की ख्रिस्ती धर्मात जात नाही. चर्चच्या व्यासपीठावरूनही शतकभर हेच सांगितले गेले होते. दक्षिणेत एकाच धर्मगुरूच्या हाताखाली वेगळी दफनभूमी आणि प्रार्थनामंदिरात वेगळी जागा वाट्याला आलेल्या माणसाला, सरकारकडे सवलत मागताना, आपल्या चर्चमध्ये जात आहे असे सिद्ध करावे लागले, आणि चर्चला शोभा म्हणून ती नाही असे ऐकावे लागले. धर्मप्रमुखांनी पुढे या मागणीला पाठिंबा दिला आणि जातिभेद हे पाप असल्याचे जाहीरही केले. पण त्या जाहीरपणाच्या आधी किती काळ गेला, याचा हिशेब ख्रिस्ती चिंतनपर लेखनाने क्वचितच मांडला. बाहेरच्या अन्यायावर बोलताना ज्याची लेखणी सैल सुटते, त्याने आपल्या दफनभूमीच्या भिंतीविषयीही चार ओळी लिहाव्यात, एवढी अपेक्षा गैर नव्हती.

साक्ष आणि प्रतिनिधित्व यांच्यातली रेषा सर्वांत स्पष्ट दिसते ती क्षमेच्या प्रश्नावर. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशातील मनोहरपूर गावी ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले गाडीत झोपलेली असताना जमावाने गाडी पेटवली. कुष्ठरुग्णांची सेवा करीत राहिलेल्या त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर सांगितले. देशभर या क्षमेचे कौतुक झाले, आणि कौतुक करणाऱ्यांत ते लोकही होते ज्यांना या हत्येवर अधिक बोलणे गैरसोयीचे होते. क्षमा झाली, आता विषय संपला, असा त्या कौतुकाचा एक सूर होता. ग्लॅडिस यांनी मात्र क्षमा आणि कायद्याची कारवाई यांत गल्लत केली नाही. कायदा आपले काम करील, आपल्या मनात कटुता नाही, अशी त्यांची भूमिका होती. क्षमा ही त्यांची स्वतःची होती. दुसऱ्या कोणाच्या वतीने ती करण्याचा अधिकार त्यांनी सांगितला नाही, आणि आपल्या क्षमेने राज्यसंस्थेची जबाबदारी फिटते असेही सुचवले नाही. हा विवेक धर्मशास्त्राच्या ग्रंथांतून फार विस्ताराने मांडला गेला आहे; परंतु तो पाळणे किती कठीण, हे त्या एका निवेदनाइतके कोठे दिसत नाही.

या प्रकरणाचा पुढचा टप्पाही लक्षणीय आहे. मुख्य आरोपीला कनिष्ठ न्यायालयाने २००३ मध्ये दिलेली फाशी उच्च न्यायालयाने २००५ मध्ये जन्मठेपेत बदलली, आणि जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. हा निर्णय देताना, स्टेन्स यांना त्यांच्या धर्मकार्याबद्दल धडा शिकवण्याचा हेतू होता अशा आशयाची टिप्पणी निकालपत्रात आली. तिच्यावर टीका झाल्यावर काही दिवसांतच न्यायालयाने आपण होऊन ती गाळली. चूक दुरुस्त झाली, आणि एवढ्या तत्परतेने झाली हे श्रेयाचेच. पण टिप्पणी पहिल्यांदा लिहिली गेली ती कोणत्या सवयीतून? जळालेल्या गाडीत एक माणूस आणि दोन मुले होती. वाचन झाले ते एका समाजाच्या प्रतिनिधीचे. मुलांच्या बाबतीत तर हे वाचन कोणत्या अर्थाने शक्य होते, ते कळत नाही.

वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची कारकीर्द या पार्श्वभूमीवर पाहावी. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक, 'सुबोध बायबल'चे कर्ते, प्रवासवर्णनकार अशी त्यांची वाङ्मयीन ओळख. तिच्याआधीची वसईकरांची ओळख हरित वसई संरक्षण समितीची. हिरव्या पट्ट्यातली बांधकामे, टँकरने उपसले जाणारे बावखलांचे आणि विहिरींचे पाणी, आणि या सगळ्याला असलेले दहशतीचे पाठबळ यांच्याविरुद्ध ते उभे राहिले, तेव्हा त्यांच्याबरोबर ख्रिस्ती होते तसे हिंदूही होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये धर्मस्वातंत्र्याला आणि जगाच्या सुखदुःखाशी चर्चने जोडलेले असण्याला जी मान्यता दिली, तिचा मराठीतला एक अनुवाद म्हणून या आंदोलनाकडे पाहता येते. त्यातली साक्ष तपासता येण्याजोगी होती. विहीर आटली की नाही, हे पाहण्यासाठी बाप्तिस्मा घ्यावा लागत नाही. श्रद्धेने माणसाला विहिरीपाशी नेले असेल. तेथे त्याने जे पाहिले ते कोणीही जाऊन पाहू शकत होता. सार्वजनिक प्रश्नावर श्रद्धावंताने बोलण्याचा अधिकार कोठून येतो, या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर काही अंशी येथे मिळते. प्रेरणा खाजगी असू शकते, पुरावा नाही.

तरीही २०१९ मध्ये मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली, तेव्हा आक्षेप घेतला गेला तो ग्रंथांवर नव्हे, झग्यावर. चाळीस वर्षे मराठीत लिहिणाऱ्या माणसाला मराठीवरील प्रेमाचा दाखला द्यावा लागला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, व्यासपीठावरून प्रकृती साथ देत नसतानाही त्यांनी भाषण केले, आणि त्यात विद्यार्थ्यांवर तेव्हा नुकत्याच झालेल्या हिंसेचा निषेध करण्याचे टाळले नाही. त्या भाषणातले सगळेच सारखे तोलाचे होते असे नाही; संमेलनाध्यक्षांच्या भाषणाची जी ठरीव वळणे असतात, ती त्यातही आहेत. परंतु ज्याला केवळ गप्प बसून सर्वांचा लाडका पाहुणा होता आले असते, त्याने ती सोय नाकारली. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. श्रद्धांजलीपर लेखांत 'सौहार्दाचा सेतू' अशी विशेषणे सुलभ होती. पूल होण्यापूर्वी या माणसाने कितीदा वाट अडवली होती, हे सांगणे तेवढे सुलभ नव्हते.

साक्षीच्या या सगळ्या गौरवावर एक आक्षेप राहतो, आणि तो टाळून चालणार नाही. साक्षीची किंमत हीच तिची कसोटी मानली, तर सोसण्यालाच प्रामाण्य मिळते. चुकीच्या गोष्टींसाठीही माणसे सोसतात. धर्मवेडा स्वतःला जाळून घेतो, त्याने त्याचे म्हणणे खरे ठरत नाही. ख्रिस्ती परंपरेत हुतात्म्यांच्या कथांचा जो संभार साचला, त्यात सोसण्याचा हा अहंकार पुष्कळ आहे. म्हणून किंमत ही साक्षीची कसोटी नव्हे. तिचा उपयोग फार तर बोलणाऱ्याचा स्वार्थ वगळण्यापुरता. साक्षीदार ज्याच्याविषयी बोलतो, तो तिच्या केंद्रस्थानी असावा लागतो, बोलणारा नव्हे. रमाबाईंच्या प्लेगविषयीच्या पत्रात केंद्रस्थानी पुण्याच्या स्त्रिया आहेत. जेराल्डीन यांना लिहिलेल्या पत्रांत स्वतः रमाबाई. दोन्ही पत्रे थोर असली तरी एकाच अर्थाने साक्ष नाहीत.

फादर स्टॅन स्वामी यांचे उदाहरण या भेदाच्या काठावरचे आहे. १९३७ मध्ये तमिळनाडूत जन्मलेले हे येशूसंघीय धर्मगुरू झारखंडमध्ये आदिवासींच्या जमिनीच्या आणि तुरुंगात खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांच्या प्रश्नांवर काम करीत होते. एल्गार परिषद प्रकरणात ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांचीजवळच्या निवासातून त्यांना अटक झाली आणि नवी मुंबईच्या तळोजा तुरुंगात ठेवण्यात आले. त्यांनी आरोप नाकारले होते. खटला उभा राहिलाच नाही. अटकेच्या थोडे आधी ध्वनिचित्रमुद्रित केलेल्या निवेदनात, आपण मूक प्रेक्षक नाही, या घडामोडीचा भाग आहोत आणि त्याची किंमत द्यायला तयार आहोत, असे त्यांनी म्हटले होते. वेदान्ताच्या साक्षीला दिलेले हे नकळत उत्तर आहे, इतके की जणू त्या शब्दाच्या दोन परंपरा एका निवेदनात समोरासमोर आल्या. मात्र त्या निवेदनात स्वतःच्या सोसण्याविषयी जितके आहे, त्याहून अधिक इतरांविषयी आहे: नक्षलवादी म्हणून पकडलेले आदिवासी तरुण, त्यांचे रखडलेले खटले, घटनेच्या पाचव्या अनुसूचीची अंमलबजावणी. ज्या कच्च्या कैद्यांसाठी त्यांनी न्यायालयात दाद मागितली होती, त्यांच्याच रांगेत ते स्वतः जाऊन उभे राहिले. कंपवातामुळे पेला हातात धरता येत नाही म्हणून नळीच्या पेल्यासाठी त्यांना अर्ज करावा लागला, आणि त्या अर्जावर तारखा पडल्या.

मे २०२१ मध्ये दूरदृश्य प्रणालीद्वारे उच्च न्यायालयापुढे आणले असता त्यांनी सरकारी रुग्णालयात जाण्यास नकार दिला आणि आपल्या माणसांत, रांचीला, जाऊ द्यावे अशी विनंती केली. कोर्टापुढे त्यांनी तुरुंगातल्या आठ महिन्यांत आपले शरीर कसे खचत गेले याचे वर्णन केले, अगदी साध्या शब्दांत. आधी स्वतः चालता येत होते, अंघोळ करता येत होती, हाताने जेवता येत होते, मग एकेक गोष्ट कशी गेली. नंतर त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवण्यात आले. ५ जुलै २०२१ रोजी जामिनाच्या अर्जाची सुनावणी सुरू झाली, तेव्हा त्यांच्या वकिलांनी रुग्णालयातल्या डॉक्टरांना काही सांगायचे आहे असे न्यायालयाला कळवले, आणि त्या दिवशी त्या प्रकरणात बोलले ते डॉक्टर: अर्जदाराचा दुपारी मृत्यू झाला होता.